आबांचं पोटॅशियम ७.२ झालं होतं. तीच गोळी पुन्हा सुरू करायची का?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं तीन आठवडे मनात होतं, पण लिहायला बसले की हात थांबायचा. आता आबा घरी आहेत, दोन वेळ पेज-भात जेवतायत, म्हणून लिहिते.

आम्ही देवगड तालुक्यातले, वाघोटण खाडीच्या काठचे. आबा म्हणजे माझे सासरे, वय ७१. मधुमेह १९ वर्षांचा. लघवीतून प्रथिनं जातात हे चार वर्षांपूर्वी कळलं, तेव्हापासून इथल्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन ४० ही रक्तदाबाची गोळी चालू होती. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला की किडनी कमी पडते) १.६ च्या आसपास स्थिर. गणपतीला भावजी डोंबिवलीहून आले, आबांच्या पायांवरची सूज बघून त्यांना आपल्याबरोबर घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी एक नवी गोळी दिली आणि सुजेसाठी एक लहानशी. दसऱ्याला आबा परत आले ते भातकापणीच्या ओढीने. जुन्या गोळ्या डब्यात होत्याच. "मुंबयच्यो गोळयो येगळ्यो, हयच्यो येगळ्यो" म्हणत दोन्ही घेत राहिले, आणि रोज सकाळी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात मीच देत राहिले.

कापणीत कंबर धरली. नाक्यावरच्या मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. ऑक्टोबरचं ऊन, लघवीला जळजळ, म्हणून परसातल्या माडाची शहाळी रोज दोन. "शहाळ्याचा पाणी पी, किडनी धुवन निघता" हे आमच्याकडे कोण कोणाला सांगत नाही?

नवव्या दिवशी पहाटे आबा पडवीतल्या बाकावरून उठेचनात. "पायात बळच नाय गो माझ्या." साखर तपासली, १९०. धाप नाही, छातीत दुखणं नाही. नाडी मात्र हाताला फार सावकाश लागत होती, मधेच चुकल्यासारखी. तालुक्याला नेऊन ईसीजी काढला तर डॉक्टर एकदम उठूनच उभे राहिले. कागदावर ओळीने उंच, अणकुचीदार टोकं. रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न बघता त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, मग मशीनने औषधाची वाफ. मी मशीनपाशीच उभी होते. कॅल्शियमनंतर थोड्या मिनिटांनी दुसरी पट्टी काढली तेव्हा ती टोकं खाली बसलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. रिपोर्ट आला : पोटॅशियम ७.२, क्रिएटिनिन ३.४. फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथे एकदा डायलिसिस, सहा दिवस मुक्काम.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सगळी औषधं मागवली. यांनी पिशवी खाटेवर उलटी केली आणि मोबाइलच्या उजेडात एकेक पट्टी वाचायला घेतली. एक निळी, एक चंदेरी. पुढची नावं अगदी वेगळी. मागे बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच शब्द : टेल्मिसार्टन. एक ४० ची, एक ८० ची. सुजेची लहान गोळी स्पायरोनोलॅक्टोन निघाली. कंबरेची डायक्लोफिनॅक.

आता माझा प्रश्न. परवाच्या तपासणीत पोटॅशियम ४.६, क्रिएटिनिन १.९. डॉक्टर म्हणतात टेल्मिसार्टन २० पासून पुन्हा सुरू करू, जोडीला डापाग्लिफ्लोझिन १०, ही साखरेची आणि किडनीची गोळी. भावजी फोनवर म्हणाले, "ज्या गोळीने बाप जाता जाता वाचला तीच परत?" यांना काही सुचत नाही. पट्टी कपाटात तशीच आहे, आज तिसरा दिवस. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

रापण

वहिनी, वाचून अंगावर काटा आला. आबा सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. माझ्या काकांचं पोटॅशियम ६.१ झालं होतं, ते रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीवर होते. आम्ही ती गोळी कायमची बंद केली, परत कधी वाढलं नाही. माझं मत, भावजी म्हणतात ते बरोबर. रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळ्या आहेत की.

कातळसडा

खाडीकाठ ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे. आबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय कोल्हापूरच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्या सांगण्यामागचं कारण मला दिसतंय, ते लिहितो. रापण, तुमची काळजी समजते, पण सल्ल्याशी मी सहमत नाही.

शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात राहतं ते चिमूटभर, ३.५ ते ५ च्या दरम्यान, आणि हृदयाची लय त्या चिमटीवर अवलंबून असते. रोज पोटात जाणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंड लघवीतून टाकतं. टाकायला लावणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं अल्डोस्टेरॉन तयार होण्याच्या साखळीत वरच्या बाजूला अडवतात. स्पायरोनोलॅक्टोन अगदी शेवटच्या टोकाला अडवतं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि साखळीची सुरुवात करणारं रेनिनही दाबतात. त्यात मधुमेहाच्या किडनीत रेनिन आणि अल्डोस्टेरॉन बऱ्याचदा मुळातच कमी असतं. म्हणून क्रिएटिनिन १.६ दिसत असतानाही या रुग्णांचं पोटॅशियम इतरांपेक्षा लवकर चढतं. मोरी तीन ठिकाणी बुजवावी आणि वर नळ सोडून ठेवावा, तसं आबांचं झालं. नळ म्हणजे शहाळी.

आता गोळी मुळात का दिली होती? रक्तदाबासाठी फक्त नव्हे. २००१ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, रेनाल आणि आयडीएनटी, एकात लोसार्टन, दुसऱ्यात इर्बेसार्टन. दोन्हींत टाइप २ मधुमेहाने किडनी बिघडलेले रुग्ण होते. या औषधांनी किडनी निकामी होण्याचा वेग कमी होतो हे तिथे दिसलं, आणि तो फायदा नुसत्या रक्तदाब उतरण्याने समजावता येत नव्हता. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मधुमेहीची गोळी कायमची काढली तर आजचं पोटॅशियम छान दिसेल, पण डायलिसिस जवळ येण्याचा धोका वाढतो. आधीच बऱ्याच खालावलेल्या किडन्यांत ही औषधं थांबवून काही सुधारतं का, हे २०२२ च्या एका चाचणीत पाहिलं. थांबवून किडनी सुधारली नाही.

आबांना घातक ठरलं ते टेल्मिसार्टन १२० होणं (दिवसाला कमाल ८०) आणि त्यावर स्पायरोनोलॅक्टोन आणि डायक्लोफिनॅक, आणि या सगळ्यात एकदाही पोटॅशियम न तपासणं. एकाच साखळीवरची दोन औषधं मुद्दाम एकत्र देऊनही पाहिली आहेत. २००८ च्या ऑनटार्गेट नावाच्या चाचणीत टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल जोडून फायदा वाढला नाही, त्रास वाढला. मधुमेही किडनीच्या रुग्णांत लोसार्टन-लिसिनोप्रिल जोडीची अमेरिकेतली चाचणी वाढलेलं पोटॅशियम आणि किडनीला होणारी इजा बघून मुदतीआधी थांबवावी लागली. ते २०१३ साल. म्हणजे दुप्पट देऊन दुप्पट रक्षण होत नाही हे आम्हा डॉक्टरांना माहीत आहे. पण दोन गावांतल्या दोन चिठ्ठ्यांनी मिळून घरात तीच जोडी तयार होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

स्पायरोनोलॅक्टोनबद्दल एक आठवण सगळ्या डॉक्टरांनी मनात ठेवावी अशी आहे. १९९९ मध्ये हृदय कमजोर असलेल्या रुग्णांत त्याचा मोठा फायदा दिसला. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत ते धडाधड लिहिलं जाऊ लागलं, आणि वाढलेल्या पोटॅशियमने दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १९९४ मधल्या हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेलं. औषध तेच. अभ्यासातल्या रुग्णांचं रक्त ठरल्या दिवशी तपासलं जायचं, बाहेर तसं होत नव्हतं.

म्हणून ताई, कोल्हापूरच्या डॉक्टरांना एवढंच विचारा : "सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन कोणत्या तारखेला करायचं?" नियम दोन ते चार आठवड्यांत करण्याचा आहे. आबांसारखा प्रसंग होऊन गेलेल्या रुग्णाला मी सात ते दहा दिवसांतच बोलावतो. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर घाबरू नका, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर लगेच फोन. ६ च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना आणि ईसीजी.

डापाग्लिफ्लोझिन जोडलंय ते चांगलंच आहे. त्या गटातल्या औषधांनी किडनीचं रक्षण तर होतंच, शिवाय २०२२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा गंभीर पोटॅशियमवाढीचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी दिसला. आता फिनेरेनोन नावाचं औषधही मधुमेही किडनीसाठी मिळतं. तेही पोटॅशियम वाढवतं, पण २०२० च्या मोठ्या चाचणीत ठरल्या वेळी तपासण्या झाल्यामुळे पोटॅशियमपायी ते सोडावं लागलेले रुग्ण २.३ टक्केच होते, प्लासिबोवर (औषध नसलेली नकली गोळी) ०.९ टक्के.

रापण

डॉक्टर, मी हे असं कधी कोणाकडून ऐकलं नव्हतं. काकांच्या लघवीत प्रथिनं जात होती की नाही हेच आम्हाला माहीत नाही. या आठवड्यात विचारतो. वहिनी, माझा सल्ला मागे घेतो.

काउंटर पलीकडे

मी गेली २६ वर्षं मेडिकल चालवतो, गुहागर तालुक्यात. खाडीकाठ ताई, तुमच्या नाक्यावरच्या माणसाच्या जागी मी होतो असं समजून लिहितोय, कारण कापणी आणि लावणीच्या दिवसांत माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त खपतात त्या दुखण्याच्याच गोळ्या. "कंबर धरली, कायतरी दी" म्हणतात आणि आपण पट्टी कापून देतो. बरीच वर्षं मी एक प्रश्नही विचारला नाही. आता विचारतो : साखर आहे का, प्रेशरची गोळी कोणती, किडनीचं काही सांगितलंय का. हो म्हणाले तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड काहीच देत नाही. पॅरासिटामॉल देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.

प्रेशरच्या गोळ्यांचं एक बघून ठेवा. पट्टीवर कंपनीचं नाव मोठं, औषधाचं बारीक. नावापुढे 'एएम' असेल तर बहुधा अम्लोडिपिन मिसळलेलं, 'एच' असेल तर लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. म्हणजे नाव पूर्ण वेगळं आणि आत पुन्हा टेल्मिसार्टन, असं सर्रास असतं. चाकरमानी परत जाताना आईवडिलांना तीन महिन्यांच्या पट्ट्या देऊन जातात, इथली चिठ्ठी इथे चालूच राहते. गणपती आणि मे महिना झाला की अशी दोन-तीन घरं मला दरवर्षी सापडतात.

आणखी एक औषध कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. मधुमेहींना लघवीचं इन्फेक्शन वरचेवर होतं, त्यावर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या दिल्या जातात. त्यातलं ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवून ठेवतं. ओंटारिओतल्या वयस्कर रुग्णांवरच्या २०१० च्या अभ्यासात, रॅमिप्रिल किंवा लोसार्टनसारख्या गोळीवर असताना हे घेतलेल्यांत, दुसरं अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या मानाने पोटॅशियम वाढून दाखल होण्याची शक्यता जवळजवळ सातपट दिसली. आबांना जळजळ होतीच. ती गोळी त्यांच्या हाती पडली नाही हे नशीब. मूतखड्यासाठी देतात त्या पोटॅशियम सायट्रेटच्या बाटलीचंही तसंच, नावातच पोटॅशियम आहे.

सुरंगी

मी लॅबमध्ये काम करते, कुडाळ भागात. डॉक्टरांनी आकडे सांगितले, पण तो आकडा बाटलीत कसा येतो तेही सांगते, नाहीतर लोक एका रिपोर्टवर गोळ्या फेकून देतात.

पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर ते बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, शीर मिळत नाही म्हणून रुग्णाला मूठ उघड-बंद करायला लावली, बारीक सुईने जोरात ओढलं, तरीही आकडा खोटाच चढतो. आणि आमच्याकडे सगळ्यात मोठं कारण म्हणजे वेळ. वाडीवर घरी जाऊन सकाळी सातला घेतलेलं रक्त एसटीने किंवा कोणाच्या दुचाकीवर दुपारी दोनला पोचतं. वर कोणीतरी काळजीने बर्फात ठेवलेलं असतं. सीरम (पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी) वेगळं न करता रक्त थंड ठेवलं तर पोटॅशियम पेशींतून झिरपतच राहतं. मी नमुना फिरवते तेव्हा वरचं पाणी पिवळसर न दिसता गुलाबी दिसलं की पेशी फुटल्यात हे तिथेच समजते आणि परत रक्त मागते.

तेव्हा तब्येत ठणठणीत, गोळ्यांत बदल नाही आणि रिपोर्ट एकदम ६.३ आला, तर त्याच दिवशी लॅबमध्ये स्वतः जाऊन पुन्हा रक्त द्या. पण अंगात बळ नाही, नाडी मंद, चक्कर, असं काही असेल तर दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबू नका. आधी ईसीजी. आबांच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं.

माहेर गुहागर

माझी आई ६६ वर्षांची, मधुमेह, क्रिएटिनिन १.८, लोसार्टन चालू, पोटॅशियम ५.३. डॉक्टरांनी "पथ्य पाळा" एवढंच सांगितलं. कोकणात राहून काय काय बंद करायचं? ती सोलकढीशिवाय जेवत नाही. वहिनीने तिच्यासाठी प्रेशरवाल्यांचं कमी सोडियमचं मीठही आणून ठेवलंय.

कातळसडा

ताई, पहिलं काम ते मीठ आज बाजूला काढा. सोडियम कमी करण्यासाठी त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी किडनीला ते उपकारक, तुमच्या आईला नाही. साधंच मीठ, पण कमी. सुकी मासळी, लोणचं, पापड यांतून जाणारं मीठ आधी कापा.

शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मोठ्या शहाळ्यात ३००-४०० मिलिलिटर पाणी सहज निघतं, हिशोब करा. ते बंद. पिकल्या फणसाच्या १०० ग्रॅम गऱ्यांत ४०० मिलिग्रॅमच्या वर, केळ्यात साडेतीनशेच्या आसपास. आंब्यात त्याहून बराच कमी, म्हणून साखर सांभाळून एखादी फोड चालू शकते. सोलकढीत नारळाचं दूध असतं. ते पातळ करा, वाटीभरच द्या, रोज नको. पालेभाजी, बटाटा, सुरण बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. तांदळाची पेज चांगली. करमळं (कमरख, स्टारफ्रूट) मात्र किडनीच्या रुग्णाने अजिबात खाऊ नयेत. ती पोटॅशियमपेक्षा वेगळ्या कारणाने, मेंदूवर विषारी परिणाम करतात.

साखर अचानक खाली गेली तर घरोघरी शहाळं, केळं किंवा फळांचा रस देतात. तुमच्या आईला साखरपाणी किंवा ग्लुकोज पावडर द्या. इन्सुलिन चालू असेल तर ते चुकवायचं नाही, कारण इन्सुलिनच पोटॅशियम पेशींत ढकलतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. किडनी कमी पडते तेव्हा आतडी जास्त पोटॅशियम बाहेर टाकायला लागतात, तो मार्गही अडायला नको. पोटॅशियम बांधणारी पावडर डॉक्टरांनी दिलीच तर ती इतर गोळ्यांपासून तीन तास लांब ठेवा, नाहीतर ती औषधंही बांधून टाकते. त्या पावडरीनेही शौचाला घट्ट होतं.

उलट्या-जुलाब सुरू झाले, किंवा तापात खाणंपिणं बंद झालं, तर लोसार्टन, लघवीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन यांतलं काय किती दिवस थांबवायचं ते आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री अकराला वाडीवर कोण भेटणार? बरं झाल्यावर पुन्हा कधी सुरू करायचं तेही त्याच कागदावर असू द्या. आपल्याकडे थांबवलेली गोळी तशीच थांबून राहते.

खाडीकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री यांनी भावजींना फोन लावून कातळसडा डॉक्टरांचा प्रतिसाद अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग भावजी म्हणाले, "म्हणजे मीच दिली ना रे दुसरी पट्टी." यांनी सांगितलं, तू सूज बघून घेऊन गेलास म्हणून निदान कोणीतरी बघितलं तरी. मीही बोलले त्यांच्याशी. तांब्या रोज मीच देत होते.

आज सकाळी आबांना टेल्मिसार्टन २० दिली. डॉक्टरांनी दहाव्या दिवशी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन सांगितलंय. स्वतः कुडाळला जाऊन देणार, वाडीवर रक्त घ्यायला कोणाला बोलावणार नाही. दुखण्याच्या गोळ्यांची उरलेली पट्टी मी कात्रीने कापून टाकली. मुलीच्या जुन्या वहीत आबांच्या सगळ्या औषधांची आतली नावं लिहिली, डोस आणि कोणी दिली तेही. ती वही आता पिशवीतच असते, आणि तिचा फोटो डोंबिवलीला.

माहेर गुहागर

आमच्याकडे आजच बसते लिहायला. दहाव्या दिवशी काय आलं ते इथे नक्की सांगा.

खाडीकाठ (धागाकर्ती)

रिपोर्ट आला. पोटॅशियम ४.९, क्रिएटिनिन २.०. डॉक्टर म्हणाले २० च चालू ठेवा, डोस वाढवायचा नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. आबा आज खळ्यात जाऊन बसले होते. माडावरून शहाळी उतरवली, ती शेजारच्या मुलांना वाटली त्यांनी.